फुफाटा

२०२१ चा ऑक्टोबर. कोविडनंतर कॉलेज नुकतंच उघडलं होतं. अकोल्यातल्या आमच्या गेटवर एक टेबल, रजिस्टर, सॅनिटायझरची बाटली आणि एक पांढरी थर्मल गन. गेटवरच्या काकांनी ती माझ्या कपाळावर रोखली, आकडा पाहिला, पुन्हा रोखली.

"मॅडम, तुम्ही त लय तापल्या. एकशेएक दाखवते."

"उन्हातून आले काका."

"मंग बसा तिथं लिंबाखाली धा मिनिटं. गार व्हा, अन् या."

लिंबाखाली माझ्या आधीच चार विद्यार्थी आणि गणिताचे सर गार होत बसले होते. दहा मिनिटांनी माझा ताप उतरला, काकांनी रजिस्टरमध्ये सत्त्याण्णव लिहिलं आणि मी वर्गात गेले. त्या दिवशी शिकवायला मुद्दाम काही तयारी करावी लागली नाही. ती बंदूक बाहेर काहीच सोडत नाही; कातडीतून निघणारे अवरक्त किरण, साधारण आठ ते चौदा मायक्रॉन तरंगलांबीचे, ती गोळा करते आणि त्यावरून तापमान काढते. माझंही काम तेच. माझी कपाळं फक्त काही कोटी प्रकाशवर्षांवर असतात, आणि त्यांना लिंबाखाली बसवता येत नाही.

मी राहते अमरावतीला, शिकवते अकोल्याला. म्हणजे अपडाऊनवाली. बडनेरा, कुरुम, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला ही स्टेशनं मला पाढ्यासारखी पाठ आहेत. कोविडात पासधारकांच्या गाड्या बंद झाल्या तेव्हा रस्त्याने जावं लागलं, आणि तो रस्ता तेव्हा कित्येक वर्षांपासून उखडलेला. पुढे जून २०२२ मध्ये त्याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात गेला. पण त्याआधीच्या दिवसांत आम्ही तोंडाला दुपट्टा बांधून जायचो आणि पोचल्यावर आधी चष्मा पुसायचो. समोरचा ट्रक दिसायचा नाही. त्याच्यामागे उठलेला फुफाटा दिसायचा, आणि फुफाट्यावरून ट्रकचा अंदाज यायचा.

फुफाटा हा शब्द पुस्तकी मराठीत बहुतेक 'आगीतून निघून फुफाट्यात' या म्हणीपुरता उरला आहे. तिथे त्याचा अर्थ विस्तवाभोवतीची धगधगती राख. आमच्याकडे वऱ्हाडात मात्र तो रोजचा शब्द आहे: उन्हाने तापलेली, पायाखाली पिठासारखी दबणारी रस्त्याची धूळ. मी ज्या गोष्टीचा अभ्यास करते तिला इंग्रजीत एक गणिती नाव आहे. मला विचाराल तर तिला याहून नेमका शब्द नाही. आग मध्ये, फुफाटा भोवती.

आग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. काही दीर्घिकांच्या मध्यभागी सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं, आणि त्यात वायू पडत असतो. पडता पडता तो चकतीसारखा फिरतो, घासतो, तापतो आणि इतका उजळतो की कधी कधी बाकीची अख्खी दीर्घिका त्यापुढे फिकी पडते. याला सक्रिय दीर्घिका-केंद्र म्हणतात. कार्ल सीफर्ट यांनी १९४३ मध्ये अशा काही दीर्घिकांचे वर्णपट तपासले, त्यांच्या नावाने आज या दीर्घिका ओळखल्या जातात. पुढे लक्षात आलं की सीफर्ट दीर्घिका दोन प्रकारच्या आहेत. एकीच्या वर्णपटात वेगाने फिरणाऱ्या वायूच्या रुंद रेषा असतात, दुसरीच्यात त्या नसतात. या दोन जाती वेगळ्या, की एकाच जातीला दोन बाजूंनी पाहिलेलं?

तिमिंगल तारकासमूहातल्या एम ७७ या दीर्घिकेने त्याचं उत्तर दिलं. ती दुसऱ्या प्रकारातली, रुंद रेषा नसलेली. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी तिचा ध्रुवीकृत प्रकाश वेगळा काढून पाहिला, म्हणजे कशावरून तरी परावर्तित होऊन आलेला प्रकाश. त्यात रुंद रेषा होत्या! दाराआडचा माणूस समोरच्या आरशात दिसावा तसं. आग आतमध्ये होतीच. आपल्या आणि तिच्या मध्ये धुळीचं जाडजूड कडं आडवं आलं होतं. वर्गात मी मेदूवडा म्हणते. भोकाच्या बाजूने पाहिलं तर आतली आग दिसते, कडेने पाहिलं तर वडाच दिसतो.

पुण्याला आयुका या खगोलशास्त्र केंद्रात संशोधनासाठी गेले तेव्हा मला कृष्णविवर हवं होतं. अमरावती विद्यापीठातून एम.एस्सी. करून गेलेली मुलगी, डोक्यात नारळीकर. नारळीकर आणि केंभावी या दोघांनी मिळून क्वेसार आणि सक्रिय केंद्रांवर लिहिलेलं १९९९ चं जाड पुस्तक ग्रंथालयात होतं, त्यातली पहिली प्रकरणं मी अधाशासारखी वाचली. आणि मला विषय मिळाला धूळ. मी जरा हिरमुसलेच. धूळ पुसायची असते, ती अभ्यासायला पुण्याला कशाला यायचं? मार्गदर्शक सर म्हणाले, "मध्यभागाचा निम्म्याहून जास्त प्रकाश ही धूळ खाऊन टाकते. खाल्लेलं कुठे जातं ते शोधा."

खाल्लेलं उष्णता होऊन बाहेर पडतं. धुळीचा कण दृश्य आणि अतिनील प्रकाश शोषतो, तापतो आणि अवरक्तात उजळतो. किती तापला यावर तरंगलांबी ठरते. हिशोब सोपा आहे: २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, जिथे सर्वात जास्त उजेड असेल ती तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. साधारण १५०० केल्विनच्या वर हे सिलिकेटचे आणि ग्राफाइटचे कण टिकतच नाहीत. कापरासारखे वितळल्याशिवाय थेट उडून जातात. म्हणून आगीच्या अगदी जवळ धूळ नसते. एका ठरावीक अंतरावर ती सुरू होते. तिथली धूळ दोन मायक्रॉनच्या आसपास उजळते, त्यामागची थंड धूळ दहा मायक्रॉनला, त्याहून लांबची आणखी पुढे. एका मागोमाग एक तरंगलांबी लावून पाहणं म्हणजे त्या कड्यात आतून बाहेर चालत जाणं.

२००५ च्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी आले तेव्हा एक छापील निबंध सोबत आणला होता. लायडनचे वॉल्टर याफे आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या दोन आठ-आठ मीटरच्या दुर्बिणी एकत्र जोडून, दहा मायक्रॉनच्या आसपास, याच एम ७७ चं केंद्र पाहिलं होतं. आदल्या वर्षी 'नेचर'मध्ये आलेला तो निबंध. सुमारे पाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतलं, जेमतेम अकरा प्रकाशवर्षं रुंद धुळीचं कडं त्यांनी प्रत्यक्ष मोजलं होतं. आत ८०० केल्विनहून गरम एक छोटा भाग आणि त्याभोवती ३२० केल्विनची धूळ.

दुपारचे तीन. कूलरच्या ताट्या वाळून कडकडीत झालेल्या, लाइट गेलेले. मी ३२० मधून २७३ वजा केले. सत्तेचाळीस. ओसरीत बाबांनी टांगलेल्या थर्मामीटरकडे पाहिलं. पारा सेहेचाळीसच्या वर थोडासा.

मी तो कागद तसाच मांडीवर ठेवून किती तरी वेळ बसले. कृष्णविवराभोवतीची धूळ आणि आमच्या ओसरीतली धूळ जवळजवळ एकाच तापमानाची होती. आमची ओसरी त्या क्षणी नऊ मायक्रॉनला उजळत होती, ती दीर्घिकाही. माझा हिरमोड त्या दुपारी संपला. धूळ आता मला परकी राहिली नाही.

निरीक्षण म्हटलं की लोकांना डोळा लावून बसलेला माणूस आठवतो. माझ्या पहिल्या अवरक्त रात्री मी दुर्बिणीपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर होते. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण लडाखात हानलेला आहे, साडेचार हजार मीटर उंचीवर. ती चालवायची बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत आज्ञा पाठवून. इतक्या उंचावर दुर्बीण नेण्याचं कारण हवेतली वाफ. ती अवरक्त गिळते, आणि हानलेची हवा थंड नि कोरडी. दुर्बिणीवर टीआयएफआरने बनवलेलं टिरस्पेक हे उपकरण बसवलेलं, द्रव नायट्रोजनने गोठवलेलं. गोठवायचं अशासाठी, की नाहीतर उपकरण स्वतःच्याच उष्णतेने आंधळं होईल.

पहिलं चित्र पडद्यावर आलं आणि मला वाटलं काही तरी बिघडलं. चौकोन नुसता करडा. दीर्घिका कुठेच नाही. शेजारी बसलेले सहायक म्हणाले, "मॅडम, हे आकाश आहे." २.२ मायक्रॉनला रात्रीचं आकाशच उजळतं, दुर्बिणीचा आरसा आणि नळीही थोडी थोडी भर घालतात. भर दुपारी चांदण्या शोधाव्यात असं ते काम. म्हणून काही सेकंदांचंच चित्र घ्यायचं, दुर्बीण किंचित सरकवायची, पुन्हा घ्यायचं, असं पाच जागी. दीर्घिका प्रत्येक चित्रात वेगळ्या ठिकाणी पडते, आकाश मात्र सगळ्यांत तेच. मग एकातून दुसरं वजा करायचं. आजीच्या हातातलं सूप आठवलं. पाखडून पाखडून शेवटी सुपात दाणे राहावेत तसा पहाटे तीनच्या सुमारास पडद्यावर एक ठिपका राहिला. तो पाहायला मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, जणू उभं राहिल्याने जास्त दिसणार होतं.

त्या ठिपक्याचं करायचं काय? आपल्याला हवी आहे मधल्या मोकळ्या जागेची रुंदी. इतक्या लांबून ती थेट मोजणं एकट्या दुर्बिणीला जमण्यासारखं नाही. पण आतली आग स्थिर नसते, कमीजास्त होते. ती भडकली की तिचा दृश्य प्रकाश सरळ आपल्याकडे निघतो. जो धुळीकडे जातो तो धुळीला तापवतो, आणि धुळीचा अवरक्त उजेड मागाहून निघतो. दोन्हींमधला उशीर मोजला की अंतर मिळालं. २०१८ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या अभ्यासकांनी याच दुर्बिणीने एच०५०७+१६४ या सीफर्ट दीर्घिकेसाठी हा उशीर सुमारे ३५ दिवस काढला. म्हणजे आगीपासून धुळीच्या आतल्या काठापर्यंत प्रकाशाला जायला ३५ दिवस. दीर्घिका आपल्यापासून साधारण २५ कोटी प्रकाशवर्षांवर, आणि तिच्या पोटातली ही वीतभर जागा घड्याळ लावून मोजली गेली.

हे अकोल्यात शिकवताना मी एक दाखला द्यायची. एप्रिलमध्ये दिवस मावळला तरी भिंत रात्री अकरापर्यंत भाजते. दुपारचं ऊन ती रात्री परत करते. तशीच ही धूळ. वर्षानुवर्षं दिला हा दाखला. मुलं माना डोलवायची. एका वर्षी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून येणारी, कधी न बोलणारी मुलगी उभी राहिली.

"मॅडम, भिंत जाड असते म्हणून उशीर लागते. फुफाटा त सांज झाली का लगेच गार होते. पायाले समजते."

वर्ग शांत. मी खडू खाली ठेवला. तिचं बरोबर होतं, शंभर टक्के. एवढासा कण, मायक्रॉनहून लहान. तो तापायला आणि निवायला वेळ लागतच नाही. उशीर होतो तो वाटेत, अंतर कापण्यात. माझ्या दाखल्याने आकडा बरोबर यायचा आणि कारण चुकायचं, आणि चुकीचं कारण मी कितीतरी बॅचेसना पाठ करून दिलं होतं. तेव्हापासून मी भिंत सोडली आणि चिखलदरा धरलं. पंचबोल पॉइंटवर हाक मारली की ती समोरच्या कड्यांवरून परत येते. जवळच्या कड्यावरून आधी, लांबच्यावरून नंतर. कडा हाक धरून ठेवत नाही. हाकेला जायला-यायला वेळ लागतो. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तिथे हाक मारलेली असते, त्यामुळे पुढचं सांगावं लागत नाही.

माझी स्वतःची मोठी चूक मात्र वर्गात कोणी पकडली नाही.

आमच्या कॉलेजला दुर्बीण नाही, आणि हानलेच्या रात्री वाट्याला येतात त्या मोजक्या. पण वाइज नावाचा उपग्रह डिसेंबर २००९ मध्ये वर गेला होता, चाळीस सेंटिमीटरची छोटी दुर्बीण घेऊन. २०१० मध्ये त्याचं थंड ठेवणारं गोठलेलं हायड्रोजन संपलं, २०११ मध्ये तो झोपवला गेला आणि २०१३ अखेर पुन्हा उठवला गेला, ३.४ आणि ४.६ मायक्रॉनच्या दोन पट्ट्यांवर. त्याची सगळी नोंद जगासाठी खुली होती. इंटरनेट आणि एक बरा संगणक असला की अकोल्यातूनही तेच आकडे मिळतात जे इतर कुणालाही मिळतात. चाळीसेक क्वेसार, म्हणजे फार तेजस्वी सक्रिय केंद्रं, निवडले, दृश्य प्रकाशाच्या नोंदी दुसऱ्या सर्वेक्षणांतून घेतल्या आणि दोन्हींमधला उशीर काढायला बसले. दोन वर्षं गेली. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत लॅपटॉप मांडीवर आणि शेजारी मटारच्या शेंगा सोलत बसलेल्या बाया.

निकाल सुंदर आला. बहुतेक क्वेसारांचा उशीर १८० दिवसांच्या आसपास. क्वेसार सीफर्टपेक्षा कितीतरी तेजस्वी, त्यामुळे त्यांचं कडं लांब असणार आणि उशीर महिन्यांत, वर्षांत येणार, हे अपेक्षितच होतं. निबंधाचा मसुदा घेऊन मी पुण्याला गेले. सरांनी तक्ता पाहिला, चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "तुमचा उपग्रह एका जागी किती दिवसांनी परत येतो?"

सहा महिन्यांनी.

चहा येईपर्यंत मी काही बोलले नाही. वाइज एका क्वेसारकडे दिवस-दीड दिवस पाहायचा, मग सहा महिने तिकडे फिरकायचा नाही. मी धुळीचं अंतर मोजलं नव्हतं. मी उपग्रहाची येजा मोजली होती. क्वेसाराचं तेज चौपट झालं तर धुळीचा काठ दुप्पट लांब जायला हवा, उशीरही दुप्पट व्हायला हवा. माझ्या तक्त्यात तेजस्वी आणि मंद सगळे एकाच आकड्यावर रांगेत उभे होते. हे डोळ्यासमोर होतं आणि मला ते सुंदर वाटलं होतं.

परतीच्या प्रवासात बाबांची आठवण येत राहिली. ते जिनिंगमध्ये ग्रेडर होते. गाडीवर गाडी कापूस यायचा. ते गंजीत कोपरापर्यंत हात घालून आतला बोळका बाहेर काढायचे, दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू ओढून धागा पाहायचे, कवडी किती, ओल किती, पत्ती किती ते सांगायचे. लहानपणी एकदा विचारलं होतं, वरचाच कापूस का नाही बघत? "वरचा तो दाखवते," ते म्हणाले होते. "दाखवते ते नाही पाह्यचं." मी तक्ता वरवरचा पाहिला होता.

तो मसुदा मी टाकून दिला. नव्याने बांधताना चाळीसपैकी नऊच क्वेसार टिकले, ज्यांचा उशीर इतका मोठा होता की सहा महिन्यांची खाच त्यापुढे किरकोळ ठरावी. नऊ म्हणजे फार नाही, पण ते खरे होते. आणि तेज वाढलं की उशीर वाढतो, हे त्यांच्यात दिसलं.

दरम्यान मेदूवडाही बिघडला. २०१३ मध्ये एनजीसी ३७८३ या दीर्घिकेच्या केंद्राची बारकाईने तपासणी झाली तेव्हा दहा मायक्रॉनच्या आसपासचा मोठा उजेड कड्यातून आलेला निघाला नाही. तो वर-खाली, भोकाच्या दिशेने पसरलेल्या, बहुधा प्रकाशाच्याच दाबाने उधळलेल्या धुळीतून येत होता. मला यात नवल वाटलं नाही. शेतात मे महिन्यात वावटळ उठते तेव्हा धूळ काय नुसती जमिनीवर गोल फिरते? ती खांबासारखी वर जाते. मेदूवडा अजून वर्गात चालतो. आता त्याच्या भोकातून वाफ निघताना काढते.

ऑगस्ट २०२४ मध्ये वाइज कायमचा बंद केला आणि त्या नोव्हेंबरात तो वातावरणात जळून गेला. माझ्या नऊ क्वेसारांपैकी एक त्या वसंतातच भडकला होता. त्याच्या धुळीचं उत्तर यायचं होतं साधारण दीड वर्षाने, आणि ते ऐकायला आता तिथे कोणी नव्हतं. मार्च २०२५ मध्ये नासाने स्फिअरएक्स सोडला, तो पाच मायक्रॉनपर्यंत अख्खं आकाश पाहतो. मला उत्तर मिळेल. पण तोही अख्खं आकाश सहा-सहा महिन्यांनीच पुरं करतो.

वर्गात फुफाट्यावर बोट ठेवणारी ती मुलगी आता माझ्याकडे प्रकल्प करते. तिने नवा तक्ता केला आहे. त्यात पहिला रकाना तेजाचा नाही, तापमानाचाही नाही. पहिला रकाना आहे 'केव्हा पाह्यलं', आणि त्याच्या शेजारी दुसरा, 'केव्हा नाही पाह्यलं'. हा दुसरा रकाना माझ्या तक्त्यात कधीच नव्हता. शुद्धलेखन मी तसंच ठेवलं आहे.